चर्मकील ते विषाणू : पुरुषांतील पॅपिलोमा-संसर्गाच्या निदानाचा इतिहास

१

रोगनिदानाचा इतिहास बहुधा उपकरणांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रथम वैद्याचा डोळा आणि हात, नंतर सूक्ष्मदर्शक, नंतर रक्तपरीक्षा आणि शेवटी रेणूंची परीक्षा, असा तो क्रम होय. उपकरण जितके सूक्ष्म तितके निदान निश्चित, हे या मांडणीतील गृहीत. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजेच वैद्यकात एच.पी.व्ही. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विषाणूच्या बाबतीत हे गृहीत पुरुषाच्या देहापाशी येऊन थांबते. जननेंद्रियावरील मांसांकुरांची वर्णने प्राचीन वैद्यकात सापडतात. त्यांना नावेही मिळाली होती. आज त्या विषाणूचा जनुकद्रव्यांश पुरुषाच्या त्वचेवरून वेचून ओळखता येतो. असे असूनही लक्षणरहित पुरुषाची या संसर्गासाठी नित्य तपासणी करावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना करीत नाही, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्थाही करीत नाही. साधन हाती आले, परंतु निदान हाती आले नाही, असा हा प्रकार आहे.

या विसंगतीचे व्यावहारिक स्वरूप एखाद्या प्रत्यक्ष गावाच्या संदर्भात पाहिले म्हणजे स्पष्ट होते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड, आंबिवली व टिटवाळा ही स्थानके मागे पडली की भातसा नदीकाठचे खडवली लागते. तेथील विवाहित स्त्रीसाठी केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वयाच्या ३० ते ६५ या काळात दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी विहित आहे. त्याच घरातील तिच्या पतीसाठी या विषाणूच्या संदर्भात कोणतीही तपासणी विहित नाही. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांच्या मुळाशी हा विषाणू असतो, आणि तो मुख्यतः शरीरसंबंधातून येतो. म्हणजे संसर्ग दोघांचा, पण त्याची नोंद एकीच्याच नावावर होते. ही स्थिती कशी उत्पन्न झाली, तिच्यात शास्त्राचा भाग किती व समाजाच्या सवयीचा किती, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

नावांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील दुसरा अध्याय अर्शांचा आहे. मराठीत आज अर्श म्हणजे मूळव्याध. परंतु संहितेतील अर्थ याहून विस्तृत आहे. गुदाप्रमाणेच लिंग, योनी, कान, नाक, मुख येथे उद्भवणाऱ्या मांसांकुरांनाही तेथे अर्श हीच संज्ञा आहे. लिंगावरील अर्शांच्या वर्णनात कंडू, त्यापासून होणारे क्षत, व त्या क्षतातून फुटणारे मांसाचे अंकुर असा क्रम दिलेला आहे. स्त्रीच्या ठिकाणी होणारे अंकुर छत्रीच्या आकाराचे सांगितले आहेत. पुढे त्वचेवर खिळ्याप्रमाणे घट्ट बसणारे जे अर्श, त्यांना चर्मकील असे नाव दिले आहे.

हे नाव मराठीत अद्यापि जिवंत आहे. संस्कृत चर्म, प्राकृत चम्म, मराठी चाम. आणि संस्कृत कील, प्राकृत खील, मराठी खीळ. ‘चामखीळ’ हा शब्द उच्चारणाऱ्या खेडुताच्या तोंडी संहितेतील संज्ञाच नांदत असते. मात्र या परंपरेत एक अर्थभेद घडला. संहितेत लिंगार्श आणि चर्मकील एकाच अध्यायात, एकाच कुळातील म्हणून येतात. मराठीत चामखीळ हातापायांवरची, मानेवरची, निरुपद्रवी वस्तू म्हणून उरली, आणि गुह्यांगावरचा तसाच अंकुर तिच्या कुळातून बाहेर पडला. त्याला स्वतंत्र व सर्वमान्य असे नावच उरले नाही. तो ‘गरमी’त मोडू लागला. भावप्रकाशाने सोळाव्या शतकात नोंदलेला फिरंगरोग, जुना उपदंश, प्रमेहापासून आलेला परमा या सर्वांच्या गर्दीत जननेंद्रियावरचा मोड हे एक दुय्यम लक्षण ठरले. पुढे ‘गुप्तरोग’ हा एकच शब्द या सर्वांवर पसरला. रेल्वेच्या भिंतींवर व लोकलगाड्यांच्या डब्यांत चिकटविलेल्या जाहिरातींतून तो आजही वाचावयास मिळतो.

यूरोपातही याहून फार निराळे घडले नाही. ग्रीकांचा ‘काँडिलोमा’ हा शब्द बोटाच्या पेरावरील गाठीवरून आलेला. रोमन ग्रंथकार केल्ससने अशा अंकुरांचे प्रकार वेगवेगळ्या नावांनी वर्णिले. तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत जननेंद्रियावरील मोड हे उपदंशाचे वा परम्याचे अंग मानले जात, अथवा अस्वच्छतेमुळे त्वचा चिघळल्याचा परिणाम समजले जात. १८७९ मध्ये नाइसरने परम्याचा जंतू ओळखला आणि १९०५ मध्ये शाउडिन व हॉफमन यांनी उपदंशाचा जंतू दाखविला. या दोहोंना आपापले कारण मिळाल्यावर मोड तेवढे कारणावाचून उरले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सुश्रुताच्या लिंगार्शांना आजच्या विषाणूचे नाव चिकटविणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. त्या एका नावाखाली अनेक रोग सामावले असतील. वर्णनातून सिद्ध होते ते इतकेच की पुरुषाच्या देहावरील ही खूण वैद्याच्या दृष्टीस पडत होती आणि ती नाव देण्याजोगी वाटत होती.

३

नावांच्या या अनिश्चित अवस्थेतच शासनाने तपासणीचे काम हाती घेतले. ब्रिटिश सैन्यातील गुप्तरोगांना आळा घालण्यासाठी १८६८ मध्ये हिंदुस्थानात संसर्गजन्य रोगांचा कायदा झाला. त्यान्वये वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी ठरविण्यात आली. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची तपासणी या कायद्यात नव्हती. तीव्र विरोधानंतर १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. हा कायदा उपदंश व परमा यांच्यासाठी होता, प्रस्तुत विषाणूसाठी नव्हे. परंतु संसर्ग शोधावयाचा तो स्त्रीच्या देहात, ही प्रशासकीय सवय त्यातून स्पष्ट दिसते.

मराठीत या सवयीविरुद्ध उघडपणे लिहिणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ या पुस्तकात आणि १९२७ ते १९५३ पर्यंत चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात त्यांनी हे रोग पाप म्हणून न मानता रोग म्हणून मांडले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. कर्व्यांच्या काळी पॅपिलोमा विषाणूचा मानवी कर्करोगाशी असलेला संबंध कोणासही ठाऊक नव्हता. तथापि निदान आणि निंदा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा त्यांचा आग्रह या विषयाला आजही तंतोतंत लागू पडतो.

४

कारणाचा शोध दोन दिशांनी चालला होता. एक दिशा मोडांची व दुसरी कर्करोगाची. १८४२ मध्ये इटलीतील रिगोनी-स्टर्न याने व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाचा कर्करोग विवाहित व विधवा स्त्रियांत अधिक, तर कुमारिका व जोगिणींत विरळ असल्याचे त्याला आढळले. दुसऱ्या दिशेने, १९०७ मध्ये चुफो या इटालियन वैद्याने चामखिळीचा रस जंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून त्वचेत टोचला, तरी चामखीळ उगवलीच. रोगाचे कारण गाळणीतून निसटणारे आहे, म्हणजे विषाणू आहे, असा याचा अर्थ होता. १९४९ मध्ये विद्युत्-सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण दिसले.

पुरुषाचा या साखळीतील दुवा १९५४ मध्ये प्रकाशात आला. कोरियाच्या युद्धाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या पत्नींना गुह्यांगावर मोड आल्याचे बॅरेट व त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदले; तिकडे असताना त्या सैनिकांनाही मोड झालेले होते. १९७१ मध्ये लंडनच्या ओरिएलने रुग्णांच्या जोडीदारांचा मागोवा घेतला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जोडीदारांत मोड उद्भवल्याचे दिसले. शेवटी १९८३ व १९८४ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून या विषाणूचे १६ व १८ क्रमांकांचे प्रकार वेगळे केले. त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाने निदानाचा प्रश्न सुटण्याऐवजी अधिक बिकट झाला. या विषाणूचे दोनशेंहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. त्यांपैकी ६ व ११ या प्रकारांमुळे जननेंद्रियावरील बहुतेक मोड येतात. ते दिसतात, पण कर्करोग क्वचितच करतात. १६ व १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारण होतात. पुरुषाच्या त्वचेवर मात्र ते बहुधा कोणतीही खूण न उमटविता राहतात. वैद्याचा डोळा शतकानुशतके जे पाहत आला ते धोक्याचे नव्हते, आणि जे धोक्याचे होते ते त्याला दिसत नव्हते.

मुंबईत या प्रश्नाची पूर्वपीठिका त्सुर हाउझेन यांच्या आधीची आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी निरनिराळ्या समाजांतील कर्करोगांची तुलना हा आपल्या अभ्यासाचा विषय केला. याच रुग्णालयातील पेमास्टर व गंगाधरन यांचा भारतातील शिश्नकर्करोगावरील लेख १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणी सुंता होणाऱ्या समाजांत हा कर्करोग अत्यंत विरळ, ही गोष्ट भारतीय रुग्णालयांच्या नोंदींतून पुनःपुन्हा पुढे येत होती. पुरुषाच्या त्वचेवर काहीतरी टिकून राहते व त्याचा रोगाशी संबंध आहे, अशी शंका त्या आकड्यांत होती. आज शिश्नकर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत हा विषाणू आढळतो.

१९८२ मध्ये स्केग व डॉल प्रभृतींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पुरुषाच्या वाट्याकडे लक्ष वेधले. भारतीय दृष्टीने याहून महत्त्वाचा अभ्यास दिल्लीचा आहे. अगरवाल, सेहगल, लुथ्रा प्रभृतींनी १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेल्या स्त्रियाच त्यांनी अभ्यासासाठी निवडल्या, आणि अशा स्त्रीच्या कर्करोगाचा धोका पतीच्या विवाहपूर्व व विवाहबाह्य संबंधांशी निगडित असल्याचे दाखविले. ‘स्त्रीच्या वर्तनाचा रोग’ ही समजूत येथे खोटी ठरली. २००२ मध्ये पाच देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सुंता न झालेल्या ८४७ पुरुषांपैकी १६६ जणांच्या, म्हणजे १९.६ टक्क्यांच्या शिश्नावर विषाणू सापडला. सुंता झालेल्या २९२ पैकी १६ जणांच्या, म्हणजे ५.५ टक्क्यांच्या.

५

पुरुषात विषाणू सापडविण्याचे हे तंत्र कसे घडले, हे पाहिल्याशिवाय त्याच्या मर्यादा कळणार नाहीत. पहिली रीत डोळ्याची. मोड असतील तर अनुभवी वैद्य पाहूनच सांगतो; शंका वाटल्यास तुकडा काढून तपासला जातो. दुसरी रीत आम्लाची. जर्मनीतील हिन्सेलमनने १९२५ मध्ये गर्भाशयमुख मोठे करून पाहण्याचे भिंग तयार केले, आणि पुढे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावल्यावर विकृत भाग पांढरा पडतो या गुणाचा त्यासह उपयोग होऊ लागला. १९८० नंतरच्या दशकात हीच रीत पुरुषाला लावण्यात आली. परंतु पुरुषाच्या त्वचेवर साधा दाह, खरचटणे, बुरशी यांमुळेही पांढरेपणा येतो, असे अनुभवास आले. विषाणू नसलेले पुरुष बाधित ठरू लागले, आणि नित्य तपासणी म्हणून ही रीत मागे पडली.

तिसरी रीत रेणूची. १९८० नंतरच्या दशकात पी.सी.आर. ही जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती करण्याची पद्धती आली. पण प्रती करण्यापूर्वी पेशी मिळावयास हव्यात. गर्भाशयमुखावरून त्या बोळ्याने सहज येतात. शिश्नाची त्वचा कोरडी व कठीण असल्याने येत नाहीत. संशोधकांनी अखेर बारीक पॉलिश-कागदाने त्वचा हलके घासून मग ओला बोळा फिरविण्याची युक्ती काढली. नमुना कोठून घ्यावा हाही प्रश्न होताच. शिश्नमणी व त्याखालील खोबण, शिश्नदंड आणि वृषणकोश या सर्व ठिकाणांहून नमुने घेतले तरच संसर्ग बऱ्यापैकी सापडतो. मूत्र वा वीर्य यांवर विसंबता येत नाही. रक्तातील प्रतिपिंडांचा मार्गही अपुरा, कारण संसर्ग झालेल्या अनेक पुरुषांत ती उत्पन्नच होत नाहीत.

इतक्या खटाटोपाने काय हाती आले? ब्राझील, मेक्सिको व अमेरिका येथील पुरुषांवर गिउलियानो व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ ते ७० वयाच्या १,१५९ पुरुषांपैकी आरंभीच सुमारे निम्म्यांत विषाणूचा कोणता ना कोणता प्रकार सापडला. नव्या संसर्गाचा मध्यमान काळ सुमारे साडेसात महिने होता. १६ क्रमांकाच्या प्रकाराचा सुमारे बारा महिने. म्हणजे आज बाधित ठरलेला पुरुष वर्षभरात बहुधा अबाधित ठरेल, आणि आज अबाधित ठरलेला गतवर्षी बाधित असू शकेल.

६

आयुर्वेदात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत, त्यांस निदानपंचक म्हणतात : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने रचलेल्या रुग्विनिश्चयाला लोक माधवनिदान म्हणू लागले, आणि पाचांपैकी एकाचे नाव संपूर्ण शास्त्राला मिळाले. मराठीत ‘निदान’ म्हणजे रोगाची ओळख, तो याच परंपरेतून. प्रस्तुत प्रश्न या पाच अंगांनी पाहिल्यास त्याची गाठ उकलते. पुरुषाच्या रेणुपरीक्षेत पाचांपैकी पहिलेच, म्हणजे कारण तेवढे, हाती येते. पूर्वरूप नाही, रूप बहुधा नाही, विषाणू नाहीसा करणारे औषध नसल्याने उपशय नाही. आणि संसर्ग पुढे रोगात परिणत होईल की नाही, ही संप्राप्ती बहुतेकांत घडतच नाही.

१९६८ मध्ये विल्सन व युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीची जी तत्त्वे मांडली, तीही हेच निराळ्या शब्दांत सांगतात. रोगाची ओळखता येणारी पूर्वावस्था असावी, तिचा क्रम ज्ञात असावा व तिच्यावर मान्य उपचार असावा. स्त्रीच्या बाबतीत या अटी पुऱ्या होतात, याचे सर्वांत बळकट प्रमाण महाराष्ट्रातच मिळाले. तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी खेड्यांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मधील अहवालाप्रमाणे, एकदाच विषाणूपरीक्षा करण्यासाठी निवडलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न केलेल्या गटात ६४. गटांची संख्या जवळजवळ सारखी होती. येथे विषाणू सापडणे हे निदानाचे पहिले पाऊल होते. पुढे भिंगाखाली तपासणी, तुकडा काढणे व पूर्वावस्थेचा उपचार ही पावले तयार होती.

पुरुषांतही जेथे अशी पावले तयार झाली, तेथे निदानाला अर्थ आला. गुदद्वाराच्या पूर्वकर्करोगावर उपचार केल्यास एच.आय.व्ही.बाधितांत कर्करोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटते, असे २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रयोगाने दाखविले. घशाच्या कर्करोगात पी-१६ या प्रथिनाची परीक्षा रोगाची अवस्था ठरविण्यासाठी २०१७ नंतरच्या वर्गीकरणात समाविष्ट झाली. पुरुषाचा देह निदानास मूलतः अपात्र आहे असे यावरून मुळीच ठरत नाही.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पतीची तपासणी विहित नाही, यामागे वैद्यकीय कारण आहे व ते सबळ आहे. परंतु या कारणाचा सामाजिक परिणाम वैद्यकाच्या हातात राहत नाही. खडवलीच्या घरात पत्नीच्या नावाचा ‘बाधित’ असा अहवाल येतो, तेव्हा घरातील पहिला प्रश्न औषधाचा नसतो. तो ‘हे कोणाकडून आले’ असा असतो. या प्रश्नाला शास्त्राजवळ उत्तर नाही. विषाणू कित्येक वर्षे सुप्त राहू शकतो. पतीच्या त्वचेवरून तो आज नाहीसा झालेला असू शकतो. दोघांत सापडला तरी तो प्रथम कोणात आला हे परीक्षा सांगत नाही. पतीचा अहवाल ‘अबाधित’ आला, तर त्यावरून पत्नीचा दोष सिद्ध होत नाही. ‘बाधित’ आला, तर पतीचाही होत नाही. १८६८ च्या कायद्याने जी सवय लावली तिला आधार म्हणून आजच्या अहवालाचा उपयोग करणे हे अशास्त्रीय आहे, हे समुपदेशन करणाऱ्या वैद्याने दोघांनाही समोर बसवून सांगावयास हवे.

प्रतिबंधाच्या क्षेत्रात ही एकांगी दृष्टी ओसरू लागली आहे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लशीला २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली, ती मुली व मुलगे या दोघांसाठी. लस टोचताना विषाणू कोणात आहे हे विचारावे लागत नाही. म्हणून निदानाने जे साधले नाही ते लशीने काही अंशी साधेल.

मराठीत ‘निदान’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : किमान, कमीतकमी. पुरुषांतील या संसर्गाचे निदान आज तरी या दुसऱ्या अर्थापलीकडे फारसे जात नाही. दिसणारा मोड ओळखावा, संशयित व्रणाचा तुकडा तपासावा, मुलग्यांना लस द्यावी, आणि स्त्रीच्या अहवालावरून तिच्या शीलाचा निवाडा करू नये, इतके तरी करता येते. पैकी शेवटची गोष्ट करण्यास कोणत्याही उपकरणाची वाट पाहावी लागत नाही.